अर्ध्या तिकिटावर समुद्र

अंबाजोगाईची योगेश्वरी मूळची कोकणातली, असं तिथली आख्यायिका सांगते. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, कोकणातून वऱ्हाड निघालं, घाट चढून बालाघाटापर्यंत आलं आणि मुहूर्त टळला. वऱ्हाडी जागच्या जागी दगडाचे झाले, नवरी कुमारिकाच राहिली. हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती दाखवून लोक आजही पाहुण्यांना सांगतात, हे त्याच वऱ्हाडातले. लेणी कोणी आणि कधी कोरली हा इतिहासकारांचा प्रांत. पण कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता बीड जिल्ह्यात आहे, आणि रत्नागिरी, गुहागर, चिपळूणकडची कुटुंबं कुलाचारासाठी पिढ्यान्‌पिढ्या अंबाजोगाईला येत आली आहेत, यात वाद नाही. समुद्राकाठची माणसं बीडला येतात हे जुनं झालं. बीडची माणसं समुद्रावर जातात, आणि तीही नुसती फिरायला, हे मात्र अलीकडचं आहे.

आता कुणी म्हणेल, त्यात लिहिण्यासारखं काय? शाळेच्या सहली कोकणात जातातच की. जातात. पण घरातली सगळी माणसं, म्हणजे आजी-आजोबांपासून नातवापर्यंत, एका गाडीत बसून समुद्र बघायला निघाली, असं बीडच्या किती घरांत घडलं असेल? मध्यमवर्गीय नोकरदारांची घरं सोडली तर उत्तर सोपं आहे. गावाकडच्या बहुतेक म्हाताऱ्यांनी समुद्र पाहिला तो टीव्हीवर.

जिल्ह्याचा भूगोलही त्याला पाठ फिरवूनच बसलेला. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला. पाटोद्याच्या डोंगरात उगवणारी मांजरा लांबचा वळसा घालून शेवटी गोदावरीतच जाते. आष्टीकडचं पाणी सीनेवाटे भीमेत आणि पुढं कृष्णेत. थोडक्यात, बीड जिल्ह्यात पडलेला एकही थेंब अरबी समुद्राकडे जात नाही; सगळं पाणी बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतं. समुद्र जवळचा पश्चिमेचा, पाणी जातं पूर्वेला. पाणी म्हणजे बीडकराच्या डोळ्यासमोर येतं ते कंकालेश्वराच्या देवळाभोवतीचं कुंड, खजाना विहीर, सौताड्याचा पावसाळ्यातला धबधबा, माजलगावचं धरण आणि फारच झालं तर पैठणचा नाथसागर. गंमत अशी की याच मातीत, अंबाजोगाईत, मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांचीही. एकाने ‘विवेकसिंधु’ लिहिला, दुसऱ्याने ‘गीतार्णव’. दोघांच्याही पोथीच्या नावात समुद्र आहे.

बीडचा माणूस घर सोडत नाही म्हणून समुद्र राहिला, असं म्हणावं तर तेही खोटं. महाराष्ट्रात इतका फिरणारा दुसरा जिल्हा शोधून सापडणार नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, सोबत लहान लेकरं, म्हातारं माणूस, शेळी, भांडीकुंडी. पुढचे चार-पाच महिने उसाच्या फडाकडेला कोपीत संसार. कोल्हापूरकडे गेलेल्या टोळीला समुद्र आंबा घाट उतरला की येतो. कोल्हापूर ते रत्नागिरी अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत आहे. हंगामामागून हंगाम इतक्या जवळ राहूनही लाखो माणसांनी तो पाहिला नाही. फड तुटायचा असतो, गाडी भरायची असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. मग हंगाम संपतो आणि ट्रक उलटा गावाकडे.

पंढरीची वारी आहे, तुळजापूर आहे, पोलीस भरतीसाठी पोरांचे दौरे आहेत, पुण्याच्या चाकण-भोसरीतली नोकरी आहे. म्हणजे बीडला प्रवास नवा नाही. पोटासाठी आणि देवासाठी बीडकर कायम रस्त्यावर असतो. काही काम नसताना, कुठलाही नवस नसताना, फक्त बघायला घराबाहेर पडणं, हे मात्र नवीन आहे. आणि ते चैनीत मोडत नाही. ज्या कुटुंबाने वर्षानुवर्षं एकत्र फक्त कष्टाचा प्रवास केला, त्याला दोन दिवस एकत्र रिकामं बसता येणं ही मोठी कमाई आहे.

हे नवेपण आणलं कुणी? पर्यटन खात्याच्या रंगीत पत्रकांनी नाही, तर एसटीच्या तिकिटाने. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटी मोफत झाली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. यावर भरपूर टीका झाली, महामंडळाच्या तोट्याचे आकडे मांडले गेले, ‘फुकटची सवय’ वगैरे नेहमीची भाषाही वापरून झाली. पण एका घराचा हिशेब मांडून बघावा. आजोबा सत्त्याहत्तरचे, आजी सत्तरची, वडील, आई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. पूर्वी आजी-आजोबांना ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं, मुलाला अर्धं आणि बाकी तिघांना पूर्ण. सहा माणसांना साडेचार तिकिटं. आता आजोबांना शून्य, आजी, आई, मुलगी आणि मुलगा यांना अर्धं, पूर्ण पैसे एकट्या वडिलांचे. सहा माणसं, तीन तिकिटं. वाचलेल्या दीड तिकिटात मुक्कामाच्या खर्चाला हातभार लागतो. त्याहून मोठा बदल घरातल्या बोलण्यात झाला. ‘तू कशाला येतीस, उगं खर्च’ हे वाक्य पूर्वी आईला आणि आजीला ऐकावं लागायचं. आता सगळ्यात महाग प्रवासी घरातला कर्ता पुरुष आहे! तोट्याचा हिशेब करणाऱ्यांनी ही जमेची बाजूही कुठल्या तरी रकान्यात धरायला हवी.

रेल्वेही आली. १९९५च्या सुमारास मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली. २०२२च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत पोहोचली आणि १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्थानकातून पहिली गाडी सुटली. ती अहिल्यानगरपर्यंतच जाते. समुद्र अजून लांब आहे. पण ज्या शहरात रेल्वे बघायला परळीला किंवा नगरला जावं लागायचं, तिथली मुलं आता स्टेशनवर जाऊन हात हलवतात.

तर अशी ही कुटुंबं पुण्यात गाडी बदलून अलिबागला, नाहीतर लातूरवरून रत्नागिरी-नागपूर महामार्ग धरून गणपतीपुळ्याला पोहोचतात. गणपतीपुळे आणि हरिहरेश्वर यांना पसंती जास्त, कारण तिथं देव आहे. देवाचं निमित्त असलं की ‘पैसे उडवले’ असं भावकीत कुणी म्हणत नाही. पिशवीत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा. गळ्यात माळ असलेल्या आजोबांसाठी वेगळा डबा, कारण खानावळीच्या कढईवर त्यांचा विश्वास नसतो. नातवाने मित्राच्या सांगण्यावरून सुरमई मागवलेली असते आणि पहिल्या काट्यालाच त्याचा धीर सुटतो. सोलकढी पिऊन आई तोंड वाकडं करते, मग दुसरा पेला मागवते. तांदळाची भाकरी मात्र कुणालाच पटत नाही. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती पांढरी, मऊ भाकरी आजाऱ्याच्या पथ्याची वाटते, आणि याबाबतीत बीडकरांचं चुकतं असं म्हणता येणार नाही.

समुद्रासमोर पहिल्यांदा आल्यावर माणसं काय करतात, हे बघण्यासारखं असतं. मुलं थेट धावतात. पुरुष मोबाइल काढतात. आजी आधी वाकून पाण्याला हात लावते, तो कपाळाला लावते, मग बोट जिभेवर टेकवून बघते. खारट आहे हे तिने आयुष्यभर ऐकलेलं असतं, तरी खात्री करून घेते. लाट पायाखालची वाळू ओढून नेते तेव्हा ती सुनेचा दंड घट्ट धरते. ज्या सासू-सुनेचं घरी आठ-आठ दिवस पटत नाही त्या दोघी एकमेकींना धरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहतात. यावर निबंध लिहायची गरज नाही. तिथं दुसरं धरायला काही नसतं, एवढंच.

इथवर सगळं छान. खरी काळजी पुढं सुरू होते. या कुटुंबाला पाण्याची ओळख आहे ती विहिरीची. बीडकडची पोरं पोहायला शिकली ती विहिरीत, पाठीला भोपळा, डबा नाहीतर हवा भरलेली ट्यूब बांधून. विहिरीचं पाणी खोल असलं तरी जागचं हलत नाही. तिथं मुटका मारणाऱ्याला वाटतं, आपण पट्टीचे पोहणारे. त्यात दुष्काळाने विहिरीही कोरड्या पाडल्या. २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, कारण केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण तळाला गेलं होतं. त्या वर्षी पाच-सहा वर्षांची असलेली मुलं आज दहावीच्या आसपास आहेत. टँकरमागे घागर घेऊन धावण्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना पोहायला शिकवणार कोण, आणि कशात? आता हीच मुलं सहलीला जाऊन लाटांत उतरतात.

समुद्र वेगळ्या रीतीने फसवतो. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जाताना एखादी अरुंद वाट धरतं आणि त्या वाटेने जोरात आत ओढतं. नेमक्या त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून पाणी शांत दिसतं. नवखा माणूस शांत जागा बघून तिथंच उतरतो. आत ओढला गेला की किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारतो आणि दमतो. अशा वेळी अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून हाक मारायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, की ती ओढ सुटते. सांगायला पाच मिनिटं लागतात. बीडच्या शाळेत हे कुणी सांगत नाही.

१ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१७मध्ये, मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गटातले ८ जण गेले. मुरूडच्या घटनेनंतर शिक्षण खात्याने शालेय सहलींवर कडक अटी घातल्या; समुद्रकिनारे, नद्या, डोंगरमाथे टाळा, असा शाळांना निरोप गेला. खात्याची भीती समजण्यासारखी आहे. मुख्याध्यापकाची तर त्याहून जास्त, कारण काही झालं तर निलंबन त्याचं होतं. पण जरा नीट बघावं. या दोन्ही ठिकाणी बुडालेली मुलं शाळकरी नव्हती. ती कॉलेजातली होती. शाळेने समुद्र टाळला म्हणून मूल समुद्रावर जायचं थांबत नाही. ते चार वर्षांनी मित्रांसोबत, शिट्टी वाजवणारा शिक्षक बरोबर नसताना जातं. बंदीने खातं सुरक्षित होतं, मूल होत नाही.

मग करायचं काय? उत्तर बीडच्या प्रत्येक घरात भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरात आहे. कोकणातले कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढं, आणि त्या दिवसांत उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. मुंबई-रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याला अर्धा-पाऊण तास मागं-पुढं चालतो. पण बीडच्या माणसाला तो शिकवायला वेळ लागणार नाही. वारकरी घरात एकादशी कधी आहे हे लेकराला विचारलं तरी सांगता येतं. संकष्टी, पौर्णिमा, वेळ अमावास्या यांवर ज्यांचं वर्ष चालतं, त्यांच्या हाताशी समुद्राचं वेळापत्रक आधीपासून आहे. फक्त गुणाकार कुणी सांगितला नाही.

अलिबागला हा गुणाकार कामाला येतो. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं; वेळ चुकली की परतीची वाट पाण्याखाली जाते. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या खडकांवरून आहे. देवाची प्रदक्षिणा अर्धवट सोडू नये या श्रद्धेने भरतीतही लोक पुढं जातात आणि लाटेने ओढले जातात. तिथं पाट्या आहेत. पण ‘धोका’ एवढं लिहिलेली पाटी भाविकाला थांबवत नाही. आज अमुक तिथी, भरती अमुक वाजता, तोवर थांबा, असं गावच्या माणसाने सांगितलं तर तो थांबतो.

नवीन काही उशिरा शिकता येतं का, ही शंका असेल तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेकडे बघावं. शेतकऱ्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनला राहिला आणि विशी ओलांडल्यावर २०१७मध्ये स्टीपलचेसकडे वळला. तीन हजार मीटरच्या या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. दुष्काळी तालुक्यातल्या मुलाने शर्यत निवडली ती पाण्यात उडी मारायची! २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तो केनियाच्या विजेत्याच्या अवघा ५ शतांश सेकंद मागं राहून रौप्यपदक घेऊन आला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. शिकवणारा भेटला आणि शिकायची तयारी असली की आष्टीच्या माळावरचा मुलगाही पाण्याला सरावतो.

जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा, असं सतत सांगते आहे. तिच्या अंदाजाने २०२१मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. बीडला हे लागू नाही, असं समजायचे दिवस संपले. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत याच जिल्ह्यात नद्यांनी शेतं, रस्ते, वस्त्या गिळल्या. टँकरच्या रांगेत वाढलेल्या पिढीला पूर बघावा लागला. पोहणं ही आता किनारपट्टीची कला राहिलेली नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक साधा तरणतलाव आणि उन्हाळ्यात शिकवायला एक माणूस, एवढी मागणी जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पाला जड जाऊ नये. दुष्काळी भागात तलावात पाणी कुठून आणायचं, हा आक्षेप येईल. खराही आहे. पण चांगल्या पावसाच्या वर्षी पाझर तलाव आणि धरणं भरलेली असतात, तेव्हा दोरी आणि माणसं लावून काठाच्या उथळ पाण्यात तरंगायला शिकवता येतं. भोपळे बांधून शिकवणारी म्हातारी माणसं अजून गावात आहेत.

एसटी शाळांना सहलीसाठी निम्म्या भाड्यात गाडी देते. डिसेंबर-जानेवारीत या गाड्या घाट उतरतील, त्याआधी शाळांतून सहलीची पत्रकं निघतील. त्यावर दात घासायचा ब्रश, चादर, दोन ड्रेस आणि शिक्षकांचे मोबाइल नंबर असतात. यंदा त्यात एक ओळ वाढवावी: समुद्रावर पोहोचायची तारीख, त्या दिवशीची तिथी, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता. निघण्याच्या आदल्या दिवशी वर्गात पाच मिनिटं ओढीबद्दल बोलावं. पोहोचल्यावर पाण्यात उतरण्याआधी तिथल्या कोळ्याला किंवा जीवरक्षकाला विचारावं, कुठं उतरायचं आणि कुठं नाही. पालकांनी पत्रकावर ती ओळ दिसली नाही तर मुख्याध्यापकांना जाऊन विचारावं, आणि विचारून झाल्यावर सहलीचे पैसे भरावेत, मुलाचेही आणि मुलीचेही.